हँडीवर एपीआरएस चालू केलंय पण मॅपवर मी दिसतच नाही, सुरुवात नक्की कुठून करायची?

नवाकोरा_हॅम

नमस्कार मंडळी, हॅम रेडिओचं लायसन्स नुकतंच मिळालंय आणि आतच जीपीएस असलेली हँडी, म्हणजे हातात मावणारा रेडिओ सेट, घेतलीय, तिच्या मेन्यूत एपीआरएसचा (आपलं ठिकाण आणि छोटे मेसेज रेडिओवरून पाठवायची पद्धत) अख्खा वेगळा विभाग आहे. कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळालेली ओळखखूण) टाकला, बीकन ऑन केलं, आता थोड्या थोड्या वेळाने सेट आपोआप ट्रान्समिटला जातो, लाल दिवा लागतो, चर्रर्र असा आवाज येतो, म्हणजे काहीतरी जातंय नक्की. पण एपीआरएस डॉट एफआय या नकाशाच्या साइटवर माझा कॉलसाइन शोधला तर काहीच नाही. मॅन्युअल उघडलं तर पाथ, एसएसआयडी, सिम्बॉल, टीएक्स डिले, स्मार्ट बीकनिंग असं एकावर एक येत राहतं, प्रत्येक बटण कुठे आहे ते लिहिलंय पण त्यात काय भरायचं आणि का ते कुठेच नाही.

तर पाथमध्ये काय टाकू? बीकन किती वेळाने? आणि एक मित्र म्हणतो की यासाठी खास सेट लागतच नाही, साध्या हँडीला केबलने फोन जोडला तरी हेच काम होतं, ते खरं आहे का? माझी मूळ इच्छा एवढीच की ट्रेकला गेल्यावर घरच्यांना मी कुठे आहे ते दिसावं.

डेसिबल_काका

लायसन्सबद्दल अभिनंदन. आता पहिलं काम, बीकन बंद करा. चेष्टा नाही करत. एपीआरएस शिकायचं ते ऐकून, पाठवायचं नंतर. जो सेट दुसऱ्यांची पॅकेट्स, म्हणजे हवेतून आलेले माहितीचे तुकडे, डीकोड करतोय त्याची निम्मी सेटिंग्ज बरोबर आहेत हे तिथेच कळतं, आणि जो काहीच डीकोड करत नाहीये त्यावरून आंधळेपणाने पाठवत बसलात तर चूक कुठे आहे ते महिनाभर सापडणार नाही.

फ्रिक्वेन्सी आधी तपासा. जगभर एकच नाहीये. उत्तर अमेरिकेत १४४.३९० मेगाहर्ट्झ, युरोपात १४४.८००, ऑस्ट्रेलियात १४५.१७५, न्यूझीलंडमध्ये १४४.५७५. सेट ज्या बाजारासाठी बनलाय तिथली फ्रिक्वेन्सी कधीकधी आत आधीच भरलेली असते आणि ती तुमच्या भागातली असेलच असं नाही, त्यामुळे तुमच्याकडचा बँड प्लॅन बघा किंवा जवळच्या क्लबात कोणालाही विचारा. सिम्प्लेक्स ठेवा, म्हणजे पाठवायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी एकच, ऑफसेट नको, रिसीव्हला टोनही नको.

मग दोन गोष्टी ज्या मॅन्युअलमध्ये कुठेतरी कोपऱ्यात असतात. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबून ठेवणारी सोय, पूर्ण उघडा (खरखर नको असेल तर आवाज शून्यावर ठेवा, डीकोडरला त्याने फरक पडू नये, पण केबलवाला सेट असेल तर पडतो, ते खाली कोणीतरी सांगेलच) आणि बॅटरी सेव्हर बंद करा. सेव्हर चालू असताना रिसीव्हर मधेमधे डुलक्या घेतो. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही, पहिला अर्धा शब्द गेला तरी समोरचा काय म्हणाला ते कळतं. पण पॅकेट हे जेमतेम अर्ध्या ते एक सेकंदाचं असतं, वेग १२०० बिट प्रति सेकंद, १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर आलटून पालटून, आणि शेवटी चेकसम, म्हणजे सगळं नीट आलं का ते तपासायचा आकडा. सुरुवातीचा तुकडा गेला किंवा मधला एक बिट उलटला की चेकसम जुळत नाही आणि सेट अख्खं पॅकेट फेकून देतो. अर्धं पॅकेट मिळालं असा प्रकारच नाही.

एवढं करून सेट उंचावर, गच्चीवर किंवा खिडकीत तासभर ठेवा. स्टेशन लिस्टमध्ये कॉलसाइन येऊ लागले का ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.

खरखर_ताई

मित्राचं म्हणणं खरं आहे पण अर्धं. फोनवर एपीआरएसड्रॉइडसारखं अ‍ॅप आणि ऑडिओ केबल एवढ्यावर चालतं, मी कितीतरी दिवस तेच वापरलंय. फोन तो चर्रर्र आवाज तयार करतो, हँडी फक्त तो हवेत सोडते. गंमत व्हॉक्समध्ये आहे. केबलमध्ये पीटीटीची (ट्रान्समिटचं बटण दाबायची) सोय नसेल तर सेटला आवाज ऐकून स्वतःच ट्रान्समिटला जावं लागतं आणि साध्या सेटचं व्हॉक्स आळशी असतं, ते जागं होईपर्यंत पॅकेटचं डोकं उडालेलं असतं. म्हणून अ‍ॅपमध्ये सुरुवातीची पट्टी, म्हणजे प्रिअँबल, चांगली लांब ठेवावी लागते. आणि पॅकेट संपल्यावरही व्हॉक्स थोडा वेळ चॅनल धरून बसतं, तो वेळ फुकट जातो, दुसऱ्यांचाही.

दुसरं आवाजाची पातळी. नवीन लोक हमखास फोनचा व्हॉल्युम फुल्ल करतात, की जोरात गेलं तर लांब जाईल. एफएममध्ये आवाज मोठा म्हणजे डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सी किती मागेपुढे सरकते ते) मोठं, पल्ला नाही वाढत, उलट सूर कापले जातात आणि समोरच्या डीकोडरला त्याचा भुगा मिळतो. दुसरा रिसीव्हर शेजारी ठेवा, तुमचं पॅकेट आणि हवेतलं एखादं चांगलं पॅकेट लागोपाठ ऐका, तुमचं साधारण तेवढंच किंवा किंचित हळू वाटायला हवं. रिसीव्हलाही तेच, काकांनी म्हटलं तसं केबलवाल्या सेटमध्ये आवाजाची खुंटी शून्यावर नेली तर फोनला काहीच ऐकू येणार नाही, मध्यापेक्षा थोडी खाली ठेवून बघा.

केबलच्या कटकटीपेक्षा ब्लूटूथचा छोटा टीएनसी (पॅकेट बनवणारी आणि वाचणारी डबी) बरा, पीटीटी तो स्वतः दाबतो. हल्ली काही हँडीतच ब्लूटूथ आणि टीएनसी दोन्ही आत येतात आणि फोन नुसता नकाशा दाखवायचं काम करतो. पण ज्याच्याकडे आधीच जीपीएस आणि एपीआरएसवाला सेट आहे त्याने या केबलच्या वाटेला जाऊच नये.

आणि एक. अ‍ॅपमध्ये पाठवायचे दोन रस्ते असतात, रेडिओ आणि इंटरनेट. कितीतरी जण इंटरनेटचा पर्याय चालू ठेवून मॅपवर स्वतःला बघतात आणि खूश होतात, रेडिओ बाजूला बंद पडलेला असतो. पासकोड मागतंय म्हणजे ते इंटरनेटसाठी आहे, हवेत पाठवायला कसलाही पासकोड लागत नाही, लायसन्स लागतं.

नवाकोरा_हॅम

काका, बॅटरी सेव्हर चालूच होता! बंद केला, स्क्वेल्च उघडला आणि सेट खिडकीत ठेवला, आता लिस्टमध्ये चार-पाच कॉलसाइन आलेत, एकापुढे घराचं चिन्ह, एक गाडी चाललीय तिचं अंतर बदलताना दिसतंय, भारी वाटतंय एकदम. एकामध्ये तर रिपीटरची (बोलणं ऐकून पुन्हा सोडणाऱ्या स्टेशनची) फ्रिक्वेन्सी आणि टोन लिहिलेला आला, ते काय आहे? ताई, केबल कॅन्सल मग.

आता पाठवू का? पाथ अजून रिकामाच आहे.

डेसिबल_काका

ते रिपीटरवालं म्हणजे ऑब्जेक्ट. कोणीतरी त्या रिपीटरच्या वतीने हवेत सोडून ठेवलेली पाटी समजा, या भागात आलात तर इथे बोलायला या. एपीआरएस फक्त मी कुठे आहे हे सांगायला आहे असा जो समज आहे ना, तो त्याचा जनक बॉब ब्रुनिंगा शेवटपर्यंत खोडत राहिला. अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीत होता, १९८० च्या दशकात सुरुवात केली, कॉलसाइन डब्ल्यूबी४एपीआर, २०२२ मध्ये गेला. त्याचं म्हणणं, आसपास हवेत आत्ता काय चाललंय ते सगळ्यांना एकाच चॅनलवर कळावं, हवामान, मेसेज, रिपीटर, आणि हो, माणसं कुठे आहेत तेही. त्यामुळे हँडी घेऊन नवीन गावात उतरलात तर नुसतं ऐकूनही बरंच हाती लागतं.

आता पाथ. तुमची हँडी ५ वॉटची, अँटेना बोटभर रबरी, ती थेट किती लांब जाणार. म्हणून मधे डिजिपीटर, थोडक्यात डिजी, असतात, उंचावर बसलेले, ऐकलेलं पॅकेट पुन्हा सोडतात. पाथ म्हणजे त्यांना दिलेली परवानगी, माझं पॅकेट किती उड्या मारू द्यायचं. हँडीला वाइड१-१, वाइड२-१ एवढं पुरे. पहिला तुकडा ऐकून जवळचा छोटा, घरगुती डिजी मदतीला येतो, दुसऱ्याने मोठा उंचावरचा एक उडी देतो. जुन्या लेखांत रिले, ट्रेस असले शब्द दिसले तर पान उलटा, २००० च्या दशकातच ते मोडीत निघालेत. आणि वाइड३-३ किंवा त्याहून मोठं काही टाकू नका, त्याने तुम्ही लांब जात नाही, तुमच्यामुळे लांबच्या लोकांचं चॅनल भरतं एवढंच.

पण डिजीने पुन्हा सोडलं म्हणजे मॅपवर आलं असं नाही. मॅप इंटरनेटवर आहे आणि हवेतून इंटरनेटवर पोचवायला आयगेट लागतो. तुम्हाला ऐकलं नुसतं डिजीने आणि त्या डिजीला ऐकणारा आयगेटच नसेल तर हवेत तुम्ही व्यवस्थित आहात, मॅपवर नाही. म्हणून मॅपवर दिसणं ही यशाची खूण मानू नका. तुमचं पॅकेट पाठवल्यावर दुसऱ्याच क्षणी तेच पॅकेट डिजीकडून परत येताना ऐकू आलं तर काम झालं. काही सेट तर तुमचंच पॅकेट परत आलं की स्क्रीनवर तसं दाखवतात.

एसएसआयडी, म्हणजे कॉलसाइनच्या मागे लागणारा आकडा, -७ ठेवा, हँडीसाठी तोच रूढ आहे, गाडीला -९, फोनला -५. नियम नाही, रिवाज आहे, पण बघणाऱ्याला लगेच कळतं की समोरचा पायी आहे, मेसेज आला तर स्क्रीनकडे बघू शकेल की नाही. सिम्बॉल माणसाचा घ्या.

बीकन चालू करा, आणि सेट कमरेला न लावता हातात, अँटेना उभी धरून. कमरेला लावला की अर्धी ताकद तुमचं पोटच खातं.

नवाकोरा_हॅम

दिसलो!! पण मी समुद्रात आहे. आफ्रिकेच्या बाजूला, अटलांटिकमध्ये कुठेतरी. हसू नका.

खरखर_ताई

हसणार कशी नाही. तिथे बऱ्याच हॅमची गर्दी असते, गिनीच्या आखातात शून्य अक्षांश शून्य रेखांशावर. तुमच्या सेटमध्ये पोझिशन "मॅन्युअल" वर आहे आणि त्या रकान्यात काही भरलेलं नाही, म्हणून शून्य-शून्य जातंय. मेन्यूत पोझिशनचा स्रोत बदलून आतला जीपीएस करा. मग घराबाहेर मोकळ्या आकाशाखाली उभे राहा, नवा सेट किंवा बरेच दिवस बंद असलेला सेट पहिल्यांदा उपग्रह शोधायला वेळ घेतो, छताखाली तर तासभर बसलात तरी नाही. फिक्स मिळाल्याचं चिन्ह स्थिर झालं की मगच बीकन.

कधी मॅन्युअल भरायची वेळ आलीच तर आकडे नीट बघा. फोनचा नकाशा २०.५० अंश असं दाखवतो, एपीआरएसला अंश आणि मिनिटं हवी असतात, म्हणजे तेच २० अंश ३०.०० मिनिटं. ते .५० तसंच मिनिटांच्या रकान्यात ५० म्हणून टाकलं की तुम्ही २० मिनिटं सरकलात, उत्तर-दक्षिण ३७ किलोमीटर. मॅपवर सगळं छान दिसतं, जागा फक्त चुकीची.

आणि एपीआरएस डॉट एफआयवर तुमच्या स्टेशनच्या रॉ पॅकेट्समध्ये जाऊन बघा. ज्या डिजीने उडी दिली त्याच्या पुढे तारा दिसतो, आणि क्यूएआर किंवा क्यूएओ या अक्षरांनंतर येणारा कॉलसाइन हा तुम्हाला इंटरनेटवर पोचवणारा आयगेट. क्यूएओ असेल तर तो साधारण नुसता ऐकणारा आहे, परत हवेत काही पाठवत नाही. टीसीपीआयपी दिसलं तर ते पॅकेट रेडिओने आलेलंच नाही. ही एक ओळ वाचता आली की पुढचे निम्मे प्रश्न इथे विचारावे लागत नाहीत.

पायवाट

ट्रेकचा विषय निघालाय म्हणून मधे पडतोय. दर मिनिटाला बीकन लावा, नाहीतर घरच्यांना तुटक ठिपके दिसतात आणि मग ते काळजी करत बसतात. मी तसंच करतो, कोणी तक्रार केलेली नाही.

डेसिबल_काका

पायवाट, तक्रार करणारे तुम्हाला ऐकूच येत नाहीत हीच तर अडचण आहे. चॅनल एकच, सगळ्यांना मिळून, आणि मिनिटाला एक म्हणजे तासाला साठ, प्रत्येक पॅकेट डिजीवरून पुन्हा एकदोनदा. तुम्ही दरीत आहात, तुम्हाला चॅनल रिकामं वाटतं, सेट खुशाल पाठवतो, पण वरच्या डिजीला त्याच वेळी दुसरीकडून कोणीतरी ऐकू येत असतो. दोघं एकदम आले की एफएममध्ये जोरकस असतो तो जिंकतो, आणि हँडी कधीच जोरकस नसते. म्हणजे जास्त पाठवून मरतात ती तुमचीच पॅकेट्स.

पायी माणूस पाच मिनिटांत किती जातो, तीनचारशे मीटर. पाच मिनिटांना एक भरपूर झालं, चढणीवर तर दहाही चालतील. थांबलात, जेवायला बसलात, की अर्ध्या तासाने एक.

स्मार्ट बीकनिंग ऐकायला छान वाटतं, वेग आणि वळण बघून सेट स्वतः ठरवतो कधी पाठवायचं, पण त्यातले तयार आकडे गाडीसाठी असतात. बऱ्याच सेटमध्ये कमीत कमी वेग ताशी ५ च्या आसपास आणि त्याखाली गेलात की तीस मिनिटांना एक. पायी माणूस कायमच त्याखाली. मग सेट समजतो तुम्ही उभेच आहात. आकडे बदला नाहीतर सरळ ठरावीक वेळेचं बीकन लावा.

पायवाट

दरीत मान्य. पण माथ्यावर गेल्यावर तर सगळं स्वच्छ जातं, तिथे काय हरकत आहे?

डेसिबल_काका

माथ्यावर उलट जपायचं. तिथून तुम्हाला एकाच वेळी दहा डिजी ऐकतात आणि सगळे पुन्हा सोडतात, एक पॅकेट पाठवून अख्खा प्रदेश गजबजवता. वर पोचलात की वाइड१-१ काढून टाका, नुसतं वाइड२-१ ठेवा, किंवा पाथ कोराच ठेवा, आयगेट थेटच ऐकतील. सेटमध्ये दोन प्रोफाइल साठवता येत असतील तर खालचं एक आणि वरचं एक करून ठेवा, थंडीत बोटं आखडलेली असताना मेन्यूत शिरायचा कंटाळा येतो.

खरखर_ताई

नवाकोरा, घरच्यांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगून ठेवा, ठिपका हलला नाही म्हणजे तुम्हाला काही झालं असं नाही. पोझिशनच्या पॅकेटला पोच नसते, गेलं तर गेलं, सेटला कळतसुद्धा नाही. डोंगराच्या पलीकडे उतरलात की तासन् तास मॅपवर शेवटचाच ठिपका राहील. संकटात मदत बोलवायचं साधन म्हणून एकट्या यावर विसंबू नका, त्यासाठी उपग्रहावरचे वेगळे बीकन असतात.

मेसेजला मात्र पोच असते. समोरच्याने मेसेज घेतला की त्याचा सेट आपोआप पोच पाठवतो, नाही आली तर तुमचा सेट पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि मग थांबतो. म्हणून निघायच्या आधी क्लबातल्या कोणाशी तरी मेसेजची देवाणघेवाण करून बघा, दोन्ही बाजू ऐकू येतात का ते त्यातच कळतं. इंटरनेटवरच्या माणसाचा मेसेज तुमच्यापर्यंत हवेतून यायचा तर जवळ दोन्हीकडचा आयगेट हवा, नुसता ऐकणारा असेल तर मेसेज त्याच्या दारातच थांबतो.

आणि हे सगळं उघडं असतं. हॅमवर कूटबद्ध काही पाठवायचं नसतं, आणि मॅप कोणीही बघू शकतं, जुन्या खुणाही साठून राहतात. घरून बीकन चालू ठेवून निघालात तर घर कुठे आहे आणि ते आत्ता रिकामं आहे हे दोन्ही तुम्हीच जाहीर केलंत. सेटमध्ये पोझिशन अँबिग्युइटी म्हणून सोय असते, शेवटचे आकडे कोरे जातात, एक आकडा गाळला की सुमारे १८५ मीटरपर्यंतचं अंदाजे ठिकाण, दोन गाळले की जवळपास दोन किलोमीटरचं. गल्ली संपेपर्यंत बीकन बंद ठेवणं त्याहून सोपं.

नवाकोरा_हॅम

जीपीएस केलं, आता मॅपवर माझ्याच इमारतीबाहेरच्या झाडाखाली उभा आहे. रॉ पॅकेट पण वाचलं, तारा वाइड१-१ च्या आधीच्या एका कॉलसाइनला आहे आणि पुढे क्यूएआर. पाच मिनिटांवर ठेवलंय.

एक राहिलं. माझ्या दोन शंका, एक म्हणजे माझ्या दुसऱ्या सेटमध्ये डीएमआर (डिजिटल आवाजाची पद्धत) आहे आणि त्यातही जीपीएस आहे, ते आणि हे एकच का? आणि अँटेना बदलू का लगेच?

खरखर_ताई

एकच नाही. डीएमआरचं जीपीएस त्याच्या डिजिटल नेटवर्कमधून जातं, तिथल्या सर्व्हरने पुढे ढकललं तर मॅपवर दिसतं, पण आसपासच्या एपीआरएसवाल्यांना हवेत ते ऐकूच येत नाही. काही डीएमआर सेट अ‍ॅनालॉग एपीआरएसही पाठवतात, मेन्यूत दोन्ही वेगळे लिहिलेले असतात. अलीकडे लोरा एपीआरएस पण आलंय, छान आहे, कमी ताकदीत लांब जातं, पण त्याचं मॉड्युलेशन वेगळं, तुमच्या या सेटला ते काही कळणार नाही.

डेसिबल_काका

अँटेना बदला, पण आधी एक करून बघा. साधारण ५० सेंटीमीटर साधी वायर घ्या, अँटेनाच्या बुडाशी कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला तिचं एक टोक अडकवा आणि बाकीची खाली लोंबकळू द्या. दोन मीटर बँडवर ती पाव तरंगलांबी होते, हँडीच्या अँटेनाला जी दुसरी बाजू मिळत नाही ती मिळते. अडकवताना वायर मधल्या पिनेला लागली नाही ना ते बघा. खर्च नाही, आणि रिसीव्हला लिस्टमध्ये नवे कॉलसाइन येतात का ते लगेच दिसतं. मग लांब व्हिप अँटेना घ्यायची तर घ्या, ट्रेकला मात्र ती झुडपांत अडकते.

आणि एवढं जमलंय तर आकाशाकडेही बघा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा डिजिपीटर चालू असतो तेव्हा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर सगळीकडून ऐकू येतो. पाथमध्ये एआरआयएसएस, बाकी काही नको, स्थानक डोक्यावर असेल ती मोजकी मिनिटंच हातात असतात, तेव्हा पॅकेट हाताने सोडा, आपोआप नको. या बँडवर डॉप्लर (स्थानकाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीचं सरकणं) साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास, त्यासाठी काही फिरवावं लागत नाही. फक्त नंतर फ्रिक्वेन्सी आणि पाथ दोन्ही परत जागेवर आणा, नाहीतर पुन्हा इथे "मॅपवर दिसत नाही" म्हणून याल.